यंत्राआधी आलेली नावे

पांढुर्णा जिल्ह्यात, सौंसर शहराजवळ, जामसांवली हे गाव आहे. तेथील मारुतीची मूर्ती पहुडलेल्या स्थितीत असून तिच्या दर्शनाला सातपुड्याच्या पायथ्यापासून नागपूरपर्यंतची माणसे येतात. मारुती बलाचा आणि भक्तीचा देव म्हणून पुजला जातो. परंतु रामकथेत त्याच्याकडे आलेले फार अवघड काम दूताचे होते. समुद्रापलीकडे असलेल्या सीतेपर्यंत निरोप पोचवावयाचा, निरोप आणणारा खरा आहे हे तिला पटावे म्हणून रामाची अंगठी दाखवावयाची आणि तिचा चूडामणी घेऊन परत यावयाचे, असे ते काम. संदेश पाठविणाऱ्या माणसाला सर्व काळी ज्या तीन गोष्टींनी सतावले, त्या या कथेत एकत्र आल्या आहेत: वाटेतील अंतर, जाण्यायेण्यास लागणारा वेळ आणि निरोपाची खात्री.

आज त्याच गावात उतरलेला भाविक ‘पोचलो’ एवढे घरी कळविण्यास क्षणभरही घेत नाही. त्याच्या तोंडी फोन, मोबाईल, नेटवर्क, रेंज हे शब्द असतात. मध्य प्रदेशाच्या सरकारी कागदावर त्याच यंत्राला ‘दूरभाष’ म्हटलेले असते, आणि नागपूरहून येणाऱ्या मराठी वृत्तपत्रात ‘दूरध्वनी’ किंवा ‘भ्रमणध्वनी’. एका यंत्राला इतकी नावे मिळावीत, त्यांपैकी काही तोंडी रुळावीत आणि काही कागदावरच राहावीत, हे कसे घडते? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले म्हणजे एक गंमत ध्यानात येते. संदेशवहनाच्या साधनांची कित्येक नावे ती साधने निर्माण होण्यापूर्वीच जन्मलेली आहेत, आणि त्यांपैकी बरीच विज्ञानकथा लिहिणाऱ्यांनी दिलेली आहेत.

विज्ञानकथाकाराला अशा नावांची गरज का पडते, हे आधी पाहिले पाहिजे. प्रकाश एका सेकंदात सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. रेडिओचे तरंग त्याच वेगाने जातात, आणि याहून अधिक वेगाने कोणताही संदेश जाऊ शकत नाही, हा निष्कर्ष आइन्स्टाइनच्या १९०५ सालच्या सापेक्षतेच्या सिद्धांतातून निघतो. पृथ्वीवरील व्यवहाराला हा वेग पुरून उरतो. चंद्रावरील माणसाला हाक मारली तर ती सव्वा सेकंदाने पोचेल. मंगळापर्यंत मात्र तीच हाक जाण्यास, दोन्ही ग्रह एकमेकांपासून किती दूर आहेत त्यानुसार, ३ ते २२ मिनिटे लागतात. आणि सूर्यानंतरचा आपल्याला सर्वांत जवळचा तारा इतका दूर आहे की तेथे पाठविलेला निरोप सव्वाचार वर्षांनी पोचेल व त्याचे उत्तर साडेआठ वर्षांनी हाती येईल.

कथालेखकापुढे येथे मोठीच अडचण उभी राहते. दूरच्या ताऱ्यावर वसाहत करून राहिलेली मुलगी आणि पृथ्वीवरील तिचा बाप यांचे बोलणे त्याला रंगवावयाचे असेल, तर एका प्रश्नोत्तरात दोघेही साडेआठ वर्षांनी म्हातारे होतील. मग लेखकाला दोनच मार्ग उरतात. एक तर ती प्रतीक्षाच कथेचा विषय करावी, किंवा प्रकाशाहून वेगाने निरोप नेणारे काल्पनिक यंत्र कथेत आणावे. दुसरा मार्ग धरला की यंत्राला नाव देणे भाग पडते. नाव असे हवे की वाचक त्यावर अडखळणार नाही आणि यंत्र कसे चालते, असेही विचारीत बसणार नाही.

अशा नावांपैकी सर्वांत यशस्वी ठरलेले नाव ‘ॲन्सिबल’ हे होय. उर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेने १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘रोकॅनन्स वर्ल्ड’ या कादंबरीत ते प्रथम वापरले. ‘उत्तर देता येण्याजोगे’ अशा अर्थाचा ‘ॲन्सरेबल’ हा इंग्रजी शब्द थोडा मुरडून तिने हे नाव घडविले. वेग, किरण किंवा लहरी यांचा त्यात उल्लेख नाही. ज्या गोष्टीची माणसाला ओढ असते, ती म्हणजे आपल्या हयातीत उत्तर येणे. नाव त्या ओढीवरून दिलेले आहे. पुढे १९७४ मध्ये आलेल्या ‘द डिस्पझेस्ड’ या कादंबरीत तिने शेवेक नावाच्या पदार्थवैज्ञानिकाची कथा सांगितली आणि त्याच्या सिद्धांतामुळे हे यंत्र शक्य कसे झाले, हे दाखविले. म्हणजे आधी नाव आले, नंतर यंत्राची जन्मकथा आली.

या शब्दाचा पुढील प्रवास अधिक बोधप्रद आहे. ऑर्सन स्कॉट कार्ड या दुसऱ्या लेखकाने १९८५ च्या ‘एंडर्स गेम’ या कादंबरीत तेच नाव घेतले, आणि कुणीतरी ते एका जुन्या पुस्तकातून शोधून काढले, असे एका पात्राच्या तोंडी घातले. ऋण मान्य करण्याची ही सुरेख रीत होय. त्यानंतर इतरही लेखक तो शब्द वापरू लागले. वाचकाला आता तो समजावून सांगावा लागत नाही. टपालपेटी किंवा तारघर म्हणावे तितक्या सहजपणे तो कथेत येतो. सन २०१२ मध्ये तर एका ठिकाणी बसून अनेक दूरस्थ संगणकांना आज्ञा देणाऱ्या एका खऱ्या संगणकप्रणालीला हेच नाव देण्यात आले. कथेतील यंत्र अजून झालेले नाही, आणि त्याचे नाव मात्र कचेऱ्यांतून रोज घेतले जात आहे.

हे यंत्र कधीकाळी होईल काय? आजचे विज्ञान ‘नाही’ असेच सांगते. प्रकाशाहून वेगाने निरोप जाऊ लागला, तर सापेक्षतेच्या सिद्धांतानुसार काही निरीक्षकांना तो निघण्यापूर्वीच पोचलेला दिसेल. मग कारण आधी आणि कार्य नंतर हा क्रमच उरणार नाही. येथे काही जण पुंजविज्ञानातील जुळ्या कणांचा दाखला देतात. एकत्र जन्मलेले दोन कण कितीही दूर नेले तरी एकाचे मोजमाप करताच दुसऱ्याविषयी तत्काळ काही कळते, ही गोष्ट प्रयोगांनी सिद्ध झालेली आहे. मग त्यातून निरोप का पाठविता येऊ नये? सौंसर-पांढुर्ण्याचा भाग संत्र्यांच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे, तेव्हा तेथलीच उपमा घेता येईल. दोन बंद पेट्यांपैकी एकीत आंबट संत्रे आहे आणि दुसरीत गोड. एक पेटी नागपूरला गेली, एक भोपाळला. नागपूरच्या माणसाने आपली पेटी उघडून फळ चाखले की भोपाळच्या पेटीत काय आहे, हे त्याला त्याच क्षणी कळते. तरीही त्याला भोपाळला काहीच कळविता आलेले नाही. कारण आपल्या पेटीतून गोड निघावे की आंबट, हे ठरविणे त्याच्या हाती नव्हते. कणांचे वागणे या उपमेहून पुष्कळच गूढ आहे. परंतु मोजमापाचा निकाल आपल्या मर्जीने ठरविता येत नाही आणि म्हणून त्यातून निरोप जात नाही, एवढा मुद्दा दोन्हीकडे सारखाच आहे.

तेव्हा असे नाव ही यंत्राविषयीची भविष्यवाणी समजू नये. ती माणसाच्या गरजेची नोंद असते. आणि गरजेची नोंद पुष्कळांनी केली असली तरी सर्वांचीच नावे टिकली नाहीत. जेम्स ब्लिश याने १९५४ मधील एका कथेत तत्काळ संदेश नेणाऱ्या यंत्राला डिरॅक या भौतिकशास्त्रज्ञाचे नाव दिले होते. ते जाणकारांच्या स्मरणात राहिले, सर्वांच्या वापरात आले नाही. ह्यूगो गर्न्सबॅक याने १९११ मध्ये लिहिलेल्या एका कादंबरीत परस्परांची मुखे पाहत बोलण्याचे यंत्र आहे; त्याला त्याने ‘टेलिफॉट’ म्हटले. ते यंत्र आज खिशाखिशांत आहे, आणि त्याने दिलेले नाव कुणाला ठाऊक नाही. याच गृहस्थाने १९२६ मध्ये विज्ञानकथांना वाहिलेले मासिक काढले आणि या साहित्यप्रकाराला ‘सायंटिफिक्शन’ असे जोडनाव दिले. लोकांनी तेही बाजूला ठेवून ‘सायन्स फिक्शन’ हे सुटे, सरळ नाव पत्करले. १९६६ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक’ या दूरचित्रवाणी मालिकेतील वीर हातातील झाकणाचे यंत्र उघडून बोलत असत. त्याला त्या मालिकेत ‘कम्युनिकेटर’ म्हणत. तशाच झाकणाचे फोन पुढे लाखोंनी विकले गेले, पण त्यांना कुणी कम्युनिकेटर म्हटले नाही. जुना ‘फोन’ हाच शब्द नव्या यंत्रावर बसला.

मग कोणती नावे जगतात? निवडक उदाहरणे तपासली तर नाव घडविण्याच्या चार रीती दिसतात.

पहिली रीत प्राचीन भाषांतील धातू जोडण्याची. ‘टेलि’ म्हणजे दूर आणि ‘फोन’ म्हणजे ध्वनी हे ग्रीक शब्द होत. बेलने १८७६ मध्ये एकस्व मिळविण्याआधीच जर्मनीतील राइस याने १८६१ मध्ये आपल्या यंत्राला हेच नाव दिलेले होते. ‘टेलिव्हिजन’ हा शब्द १९०० मध्ये पॅरिसच्या परिषदेत पेर्स्की या रशियन गृहस्थाने निबंध वाचताना वापरला. बेअर्डने चालते चित्र लोकांसमोर दाखविले ते १९२६ मध्ये. पाव शतकभर तो शब्द आपल्या यंत्राची वाट पाहत होता.

दुसरी रीत घरातला शब्द किंचित मुरडण्याची. ॲन्सिबल हे तिचे उदाहरण. ‘रोबो’ हे दुसरे. तो शब्द संदेशवहनाचा नसला तरी येथे त्याची आठवण अवश्य केली पाहिजे, कारण तो इंग्रजीचा नव्हे. कारेल चापेक या चेक लेखकाने १९२० मध्ये लिहिलेल्या नाटकातून तो जगात गेला. शब्द सुचविला त्याच्या भावाने. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे वेठ. ज्या समाजाने वेठ सोसली होती त्याच्या भाषेतून यंत्रमानवाचे नाव निघाले, आणि त्या भाषेच्या बोलणाऱ्यांची संख्या मराठी बोलणाऱ्यांच्या तुलनेने अगदी थोडी आहे. शब्द जगभर जाण्यासाठी भाषा मोठी किंवा राज्यकर्त्यांची असावीच लागते, हा समज या एका उदाहरणाने दूर व्हावा.

तिसरी रीत दुसऱ्या व्यवसायातील शब्द उचलण्याची. ‘सायबर’ या शब्दाचा प्रवास पाहण्यासारखा आहे. ग्रीक भाषेत जहाजाचे सुकाणू धरणाऱ्याला जे नाव होते, त्यावरून नॉर्बर्ट वीनर या गणितज्ञाने १९४८ मध्ये नियंत्रणाच्या शास्त्राला ‘सायबरनेटिक्स’ म्हटले. विल्यम गिब्सन याने त्याचा अर्धा तुकडा घेऊन १९८२ च्या एका कथेत ‘सायबरस्पेस’ हा शब्द केला आणि १९८४ च्या ‘न्यूरोमॅन्सर’ कादंबरीने तो प्रसिद्ध केला. आज खेड्यातील माणूसही बँकेच्या नावाने खोटा फोन आला म्हणजे सायबर पोलिसांकडे जातो. सुकाणूवाल्यापासून फौजदारापर्यंत तो शब्द एका कथेच्या वाटेने आला, याची त्या माणसाला कल्पना नसते. असण्याची जरुरीही नाही.

चौथी रीत सर्वांत साधी, आणि ती सामान्य लोकांची आहे. डोळ्यांना जे दिसते तेच नाव. विजेचा टेलिग्राफ आला तेव्हा मराठी माणसाला खांबांवरून गेलेली तार दिसली. त्याने यंत्राला तार म्हटले, निरोपालाही तारच म्हटले, आणि ‘तार आली’ या दोन शब्दांत घराघरांच्या छातीत धस्स होऊ लागले. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तोवर दीडशेहून अधिक वर्षे या देशाने तारेचा उपयोग केला, आणि मराठीला तेवढ्या काळात दुसऱ्या नावाची आठवण झाली नाही. तारेवाचून निरोप जाऊ लागला तेव्हा लोकांनी ‘बिनतारी’ म्हटले. ‘मिस्ड कॉल’ ही तर आपल्या देशातील लोकांनी रूढ केलेली स्वतंत्र संदेशपद्धतीच होय. घंटी वाजवावयाची, समोरच्याने उचलावयाचे नाही, आणि ‘मी पोचलो’ हा अर्थ दोघांनी आधीच ठरवून ठेवावयाचा. पैसे न देता निरोप जातो. लेखिकेच्या ॲन्सिबलचा सारा भर उत्तरावर. येथे उत्तर न देण्यातच निरोप भरलेला आहे.

मराठीने पुस्तकी बाजूनेही हे काम केले आहे. ‘आकाशवाणी’ हा शब्द पुराणांतला. बोलणारा दिसत नाही आणि वाणी मात्र सर्वांना ऐकू येते, ही कल्पना रेडिओच्या कित्येक शतके आधी येथे तयार होती. मैसूरचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ मध्ये सुरू केलेल्या आपल्या प्रक्षेपणकेंद्राला ते नाव दिले आणि पन्नासच्या दशकात ते साऱ्या देशाच्या रेडिओचे अधिकृत नाव झाले. मराठीत भाषाशुद्धीच्या चळवळीने, विशेषतः वि. दा. सावरकरांच्या आग्रहाने, ‘दूरध्वनी’, ‘नभोवाणी’ असे शब्द पुढे आणले. ‘नभोवाणी’ वृत्तपत्रांनी व साहित्यिकांनी काही काळ आदराने चालविला. बोलण्यात रेडिओ राहिला. ‘दूरदर्शन’ हे एका संस्थेचे विशेषनाम झाले, आणि यंत्राला घरोघर टीव्हीच म्हटले गेले. ‘उपग्रह’ या ज्योतिषातील जुन्या शब्दाने मात्र १९५७ मध्ये स्पुटनिक उडताच नवा अर्थ आपल्या अंगावर घेतला आणि कुणाला तो परका वाटला नाही. ‘दळणवळण उपग्रह’ या जोडशब्दात तर जात्यावरच्या दळणाची आठवण देणारा मराठी शब्द थेट आकाशात गेलेला दिसतो.

अशा उपग्रहाची कल्पनाही एका विज्ञानकथाकाराने आधी मांडली होती. आर्थर क्लार्क याने १९४५ च्या ऑक्टोबरात एका तांत्रिक मासिकात लेख लिहून दाखवून दिले की विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर ठेवलेला उपग्रह पृथ्वीबरोबरच फिरेल, आकाशात स्थिर भासेल आणि संदेश झेलून दूरवर पाठवील. सन १९७५-७६ मध्ये अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्याने भारतातील सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शिक्षणाचे कार्यक्रम दाखविण्यात आले, त्या राज्यांत मध्य प्रदेशही होता. क्लार्कची कल्पना या राज्यातील खेड्यांपर्यंत अशी तीस वर्षांत आली. उपग्रहामार्गे परदेशी फोन करणाऱ्यांना एक अनुभव येत असे: आपले वाक्य संपल्यावर पलीकडून क्षणभर काहीच ऐकू येत नसे. एवढा उंच चढून खाली उतरण्यास संदेशाला पाव सेकंद लागतो, आणि उत्तराला तितकाच. प्रकाशाची मर्यादा सामान्य माणसाने कानांनी अनुभवली ती अशी.

मराठी विज्ञानकथेची परंपराही लहान नाही. ज्यूल व्हर्न याच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचे रूपांतर १९०० च्या सुमारास ‘केरळ कोकिळ’ मासिकातून मराठीत आले. मराठी विज्ञान परिषद १९६६ मध्ये स्थापन झाली. तिच्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ मध्ये नारायण विनायक जगताप या नावाने आलेली ‘कृष्णविवर’ ही कथा पारितोषिकास पात्र ठरली. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून ते नाव घेणारे लेखक होते जयंत विष्णू नारळीकर. सन २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. परग्रहावरील बुद्धिमान जीवांशी संपर्क हा विषय घेऊन त्यांनी जी कादंबरी लिहिली, तिचे नाव ‘प्रेषित’.

या नावापाशी थोडे थांबले पाहिजे. मराठी ख्रिस्ती घरांतून ‘प्रेषित’ हा शब्द पिढ्यान् पिढ्या उच्चारला जातो. येशूने ज्या शिष्यांना सुवार्ता सांगण्यासाठी पाठविले, ते प्रेषित. नव्या करारातील एका पुस्तकाचे नावच ‘प्रेषितांची कृत्ये’ असे आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही ‘पाठविलेला’ हाच. तसेच ज्या ग्रीक शब्दावरून इंग्रजीत ‘एंजल’ आला त्याचा मूळ अर्थ ‘निरोप्या’. मराठीने त्याला ‘देवदूत’ म्हणून तो अर्थ जपला. नारळीकरांनी नवा शब्द घडविला नाही. समाजाच्या एका कोपऱ्यात प्रार्थनेत वापरला जाणारा शब्द त्यांनी उचलला आणि ताऱ्यांपर्यंत नेला. धर्मग्रंथातील वाचकालाही तो ओळखीचा वाटतो आणि विज्ञानाच्या वाचकालाही तो अडत नाही. चारशे वर्षांपूर्वी फादर थॉमस स्टीफन्स यांनी हेच केले होते. सन १६१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त नव्या धर्माच्या कल्पना सांगताना त्यांनी ओवी घेतली, ‘पुराण’ हे नाव घेतले आणि स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा लोकांच्या तोंडचा शब्द घेतला. नवी कल्पना ओळखीच्या शब्दातून आली म्हणजे माणसे तिला दार उघडतात.

यातून निघणारा निष्कर्ष जामसांवलीसारख्या गावाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भातील मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी बोलणारा भाग मध्य प्रदेशात राहिला. सन २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून निघून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. तेथील कारभाराची भाषा हिंदी, उच्च शिक्षणाची भाषा इंग्रजी, आणि घरातली, ओट्यावरची, बाजारातली भाषा मराठी. अशा ठिकाणी एक समज सहज पसरतो की घरच्या भाषेचे काम जुने सांभाळण्याचे आहे. सणवार, अभंग, ओव्या, म्हणी एवढे तिच्याकडे असावे आणि नवे जे काही येईल ते आपले नाव सोबत घेऊन येईल. हा समज भाषेला हळूहळू दुबळी करतो. जी भाषा फक्त झालेल्या गोष्टींची नावे राखते, तिला उद्या होणाऱ्या गोष्टी सांगण्यासाठी मुले दुसऱ्या भाषेकडे वळतात, आणि एकदा वळलेली मुले जुन्या गोष्टीही त्याच भाषेत सांगू लागतात.

परके शब्द घ्यावयाचेच नाहीत, असा याचा अर्थ नव्हे. फोन, मोबाईल, रेंज हे शब्द मराठीत पूर्णपणे रुळले आहेत, ‘रेंज गेली’ हे वाक्य मराठीच आहे, आणि ते हुसकावून लावण्याचा खटाटोप व्यर्थ होय. यंत्र हाती आल्यावर समिती नेमून नाव देऊ लागले, तर लोकांच्या तोंडी आधीच दुसरे नाव बसलेले असते. ‘भ्रमणध्वनी’ची अडचण तीच झाली, शब्दात दोष काढण्यासारखे फार नाही, पण तो उशिरा आला. आकाशवाणी, उपग्रह, प्रेषित हे शब्द आधीपासून घरात होते, म्हणून ते वेळेवर उपयोगी पडले. नाव वेळेवर मिळावयाचे तर कल्पना आधी झालेली असली पाहिजे, आणि कल्पना आधी करण्याचे स्थान म्हणजे कथा.

मराठीची पात्रता या बाबतीत सिद्ध करण्याची गरज राहिलेली नाही. सन १९७७ मध्ये पृथ्वीवरून निघालेल्या दोन व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. तिच्यावर ५५ भाषांतील शुभेच्छा मुद्रित केलेल्या असून त्यांत मराठीतील नमस्कारही आहे. त्याच तबकडीवर गोव्यात जन्मलेल्या केसरबाई केरकर यांचे भैरवीतील गायन आहे. त्यांपैकी व्हॉयेजर-१ हे यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी उडाले. केसरबाईंनी त्याच महिन्याच्या १६ तारखेला देह ठेवला. ही दोन्ही याने आता सूर्याच्या वाऱ्याची सीमा ओलांडून ताऱ्यांमधील पोकळीत गेली आहेत, आणि पुढे असलेल्या यानाचा संदेश प्रकाशाच्या वेगानेही पृथ्वीवर येण्यास २३ तासांहून अधिक वेळ घेतो. कोणताही ॲन्सिबल नसताना, सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर या गतीने, तो मराठी नमस्कार चाललेला आहे. दुसऱ्या एखाद्या ताऱ्याच्या त्यातल्या त्यात जवळून जाण्यास त्याला सुमारे ४०,००० वर्षे लागतील. त्याचे उत्तर येईल अशी आशा पाठविणाऱ्यांनीही धरली नव्हती.

माणसे मंगळावर जातील तेव्हा ॲन्सिबल त्यांच्यासोबत नसेल. पृथ्वीवरील आई ‘जेवलास का’ विचारील आणि ‘हो’ ऐकण्यासाठी तिला कधी सहा मिनिटे, कधी पाऊण तास थांबावे लागेल. त्या थांबण्याला इंग्रजी विज्ञानकथाकार ‘लाइट लॅग’ म्हणतात. मराठीत त्याला अजून रूढ शब्द नाही. परंतु मराठीत ‘वाट’ हा शब्द आहे. निरोप जातो तीही वाटच, आणि उत्तरासाठी आई पाहते तीही वाटच. अंतर आणि प्रतीक्षा या दोन्ही गोष्टी ज्या भाषेने एकाच दोन अक्षरी शब्दात आधीच ठेवल्या आहेत, त्या भाषेला या प्रसंगासाठी नाव सुचणे अवघड पडू नये. सौंसरच्या किंवा पांढुर्ण्याच्या एखाद्या शाळेत मुलांना मंगळावरून घरी फोन करणाऱ्या माणसाची गोष्ट लिहावयास सांगावी, आणि त्या थांबण्याला काय म्हणाल, एवढेच विचारावे. यान निघण्यास अद्याप अवकाश आहे. तोवर नाव तयार असले पाहिजे.